जांभळ्या पोरींचा बाप

सोलापुरात भाड्याची खोली मिळवताना माझी जी परीक्षा झाली, तशी मॅट्रिकलाही झाली नव्हती. घरमालकांनी ना माझं गोत्र विचारलं, ना पगार. मला ओट्यावर बसवलं, चष्मा पुसला आणि पहिलाच प्रश्न टाकला,

"आंघोळ किती पाण्यानं करता?"

"दोन बादल्या."

"दोन. बरं. साबण लावता?"

"लावतो की."

"थोडा लावा. क्रोटनांना मानवत नाही. शेळी आहे?"

"मी शाळामास्तर आहे."

"मास्तरांच्याही शेळ्या असतात. उडवाउडवी नको."

शेळी नसल्याचं मी आईची शपथ घेऊन सांगितलं, तेव्हा कुठं किल्ली हातात पडली.

दोन बादल्यांचा अर्थ नंतर कळला. न्हाणीच्या मोरीपासून एक पन्हळ निघून थेट बागेत जात होती, आणि कुणाच्या आंघोळीचं पाणी कुठल्या झाडाला, हे ठरलेलं होतं. माझ्या आंघोळीवर क्रोटनं जगत, आमच्या हिच्या आंघोळीवर कर्दळ. एकदा मला सडकून ताप भरला आणि चार दिवस मी अंगाला पाणी लावलं नाही. घरमालक विचारपूस करायला आले, उशाशी बसले, कपाळावर हात ठेवला आणि फार कळवळून म्हणाले, "मास्तर, क्रोटनांनी माना टाकल्या हो."

मी त्याच तापात उठून आंघोळ केली. क्रोटनं वाचली. मीही वाचलो, पण ते माझ्या नशिबानं.

सारी गल्ली त्यांना टेशनकाका म्हणत असे. जेऊरच्या बाजूला, जिथं गाडी थांबते ती इंजिनाला दम लागतो म्हणून, अशा एका स्टेशनात त्यांनी उभी हयात काढली होती. पेन्शनीत येताना रेल्वेची दोन निशाणं आणि एक शिट्टी त्यांनी घरी आणली. रेल्वेनं दिली की रेल्वेला कळलं नाही, हे मी कधी विचारलं नाही. सकाळी धोतराचा काचा मारून ते बागेत उतरत आणि ज्या झाडाला नवी पालवी दिसेल त्याला हिरवं निशाण दाखवून एक बारीक शिट्टी देत. लाल निशाण शेळ्यांसाठी. समोरच्या विणकर राजय्याची एक बांडी शेळी होती. ती हे सगळं बघून बघून इतकी तयार झाली, की लाल दिसलं की जागच्या जागी उभी राहायची. एके दिवशी काकांनी जास्वंदीला हिरवं दाखवलं, आणि शेळीनं लाईन क्लियर समजून जास्वंद खाल्ली. काका तिला एक शब्द बोलले नाहीत. "चूक सिग्नल देणाऱ्याची," एवढंच म्हणाले.

त्यांच्या स्टेशनची गोष्ट तर गल्लीत सत्यनारायणाच्या कथेसारखी सांगितली जाई. त्या माळावर त्यांनी जे जे लावलं ते ते उन्हानं खाल्लं. गुलाब लावले, जळाले. मोगरा लावला, जळाला. पाळणाही हलला नाही त्या क्वार्टरात; पण ते काका सांगत नसत, आणि कुणी विचारतही नसे. शेवटी कुणा साहेबाच्या बंगल्यातून त्यांनी गुलाबी फुलांची एक परदेशी वेल आणली. ती जळाली नाही. ती वाढली. ती तिकिटाच्या खिडकीतून आत आली, बाकावर झोपलेल्या उतारूच्या पायाला तिनं विळखा घातला (तो म्हणे दोन गाड्या चुकला), आणि मग सिग्नलच्या खांबावर चढली. सिग्नलचा हात वर आहे की खाली, हे ड्रायव्हरला दिसेना. फुलं तेवढी दिसत. गाडी माळावर तासभर उभी. चौकशीला गोरा साहेब आला, त्यानं विचारलं, "हे काय आहे?" काका म्हणाले, "साहेब, पंचवीस वर्षांत ह्या स्टेशनात जगलेलं हे पहिलं झाड." त्यानंतर पेन्शन जरा लवकरच सुरू झाली.

तेव्हापासून त्यांचं तत्त्व पक्कं झालं. "मरतं ते झाड कसलं, मास्तर? झाड कसं पाहिजे, लावलं की विसरता आलं पाहिजे!" त्यांची बाग म्हणजे असल्या न विसरू देणाऱ्या झाडांची छावणी होती. कुंपणाला घाणेरी, रंगीत फुलांसाठी लावलेली. ती म्हणे पाखरांनी मोहोळ गावापर्यंत नेली. मागच्या भिंतीला बेशरम. तिची एक कांडी राजय्यानं वाळली म्हणून जात्याचा खुंटा करायला नेली, तर आठ दिवसांत खुंट्याला पानं फुटली, आणि त्याची बायको नरसम्मा जातं टाकून ओरडत बाहेर आली. हे मी स्वतः पाहिलेलं नाही, पण नरसम्मा खोटं बोलणारी बाई नव्हे.

पण काकांचा खरा थाट दिसायचा तो झाडाची फांदी कुणाला देताना. काका फांदी देत नसत. काका मुलगी देत असत. मागायला आलेल्याला आधी ओट्यावर बसवायचं, काकूंनी गूळपाणी आणायचं, आणि मग स्थळाची चौकशी. ऊन कुठल्या बाजूचं? जमीन खडकाळ की काळी? घरात शेळी, बोकड, व्रात्य कार्टी? सगळी उत्तरं पटली की शेवटचा प्रश्न, चष्म्यावरून बघत,

"आणि हिला सासू कोण?"

म्हणजे काय, तर विळा घेऊन ती वेळच्या वेळी छाटणारं घरात कोण आहे. "सून गुणी असली तरी सासू पाहिजे. नाहीतर चार दिवसांत घर तिचं होतं." ज्या घरात सासू नाही, त्या घरात काकांनी घाणेरीची काडीसुद्धा दिली नाही. आणि दिली तिथं महिन्याभरानं छत्री घेऊन मुलीला बघायला गेल्याशिवाय राहिले नाहीत. एका वकिलाच्या दारात त्यांनी वाळलेलं क्रोटन बघितलं, तेव्हा तिथंच पायरीवर बसले. वकिलीणबाईंनी चहा दिला, तो घेतला नाही. "मुलीच्या घरचं पाणी पीत नसतो," म्हणाले, "आणि ह्या घरचं तर तिलाही मिळालं नाही."

असा हा सावध बाप. त्याच्या हातून एकदा विचारपूस राहून गेली, आणि तीही काकूंमुळे.

एका वर्षी रेल्वेच्या पासावर काका-काकू काशीयात्रेला गेले, आणि पास पुढंही चालतो म्हणून कलकत्त्यापर्यंत जाऊन आले. काकूंनी येताना गंगेचा गडू आणला, शिसं ओतून तोंड बंद केलेला. काकांनी फराळाच्या डब्यातून एक रोप आणलं. त्यासाठी डब्यातला चिवडा काशीतच फेकून दिला होता. गंगेच्या पाण्यावर तरंगत चाललेलं ते काकांनी घाटावरून काठीनं ओढून घेतलं होतं. पानांचे देठ फुग्यासारखे टम्म, खाली केसांसारखी मुळं, आणि वर जांभळ्या फुलांचा तुरा. प्रत्येक फुलात मोराच्या पिसावर असतो तसा पिवळा डोळा. जमीन नको, खत नको. पाण्यावर सोडलं की झालं.

यात्रेच्या मावंद्याला, म्हणजे परतल्यावरच्या जेवणाला, सगळी गल्ली जमली. काकांच्या अंगणात चार रहाटांची मोठी विहीर होती. भर वैशाखात अख्ख्या गल्लीच्या घागरी भरून देणारी ती एकच. सगळ्यांसमोर काकांनी तिच्यात ते रोप सोडलं, हिरवं निशाण हलवलं आणि शिट्टी दिली. नरसम्मानं हात जोडले.

"अम्मा, गंगम्मा आली बघा की आपल्या घरला!"

काकूंचे डोळे भरून आले. त्या घटकेपासून ते रोप रोप राहिलं नाही, ते गंगामाईचं फूल झालं. दिवाळीपर्यंत एकाची पन्नास रोपं झाली, आणि विहिरीच्या एका कोपऱ्यावर जांभळी शाल पसरली. काका तासन्‌तास काठावर बसून राहत. "बघताय ना, मास्तर? सोलापुरात! आणि नुसत्या पाण्यावर!"

मग संक्रांत आली. काकूंना दरवर्षी वाणाची काळजी पडे. कुणी फण्या लुटायचं, कुणी करंडे, कुणी आरसे. त्या वर्षी त्या म्हणाल्या, "मी गंगा लुटणार." हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येक सवाष्णीच्या हातात काकूंनी एक सुगड ठेवलं. सुगडात पाणी, पाण्यावर एक एक रोप. आमची ही सांगत होती की बायकांनी अक्षरशः हात जोडून घेतलं. काका माजघराच्या दाराआडून तोंड वाकडं करून बघत होते. त्यांनी मला हळूच विचारलं, "मास्तर, ही सगळी स्थळं कोणी बघितली?"

"काका, वाण आहे ते. वाणाला स्थळ बघतात होय?"

"तेच तर." असं म्हणून ते बागेत निघून गेले.

आता सवाष्णीनं घरी आणलेलं वाण ठेवायचं कुठं? पाण्यावरचं फूल, पाण्यातच. कुणी आडात सोडलं, कुणी हौदात, चाळीतल्या बायकांनी चाळीच्या टाकीत. नरसम्मानं सूत धुवायच्या हौदात सोडलं. कुंभारीची एक पाहुणी आली होती, ती आपलं वाण डोक्यावर घेऊन गावाकडं गेली. तिच्या विहिरीचं काय झालं ते देव जाणे.

पुढचं मी सांगतो त्यातलं अर्धं खरं धरा. तेवढंही पुष्कळ आहे. माघात विहिरी हिरव्या झाल्या. फाल्गुनात त्या दिसेनाशा झाल्या. आमच्या विहिरीवरून मांजर चालत पलीकडं जाई, आणि पाय ओला होत नसे. पोहरा खाली सोडला की गादीवर पडल्यासारखा पडे आणि तिथंच बसून राही. त्याला बुडवायला वरून धोंडा टाकावा लागे, मग धोंडा काढायला दुसरा पोहरा. वर आलेल्या पाण्याला कुजक्या भाजीचा वास. आणि पाणी तरी किती? ही पोर दिसायला नाजूक, पण घटाघटा पिणारी. दर उन्हाळ्यात जी विहीर तळाची पायरी दाखवत नसे, ती पाडव्यालाच चार पायऱ्या दाखवून बसली.

राजय्या सुताची एक लडी घेऊन काकांच्या दारात आला. लाल रंगाच्या सुतात केसांसारखी काळी मुळं गुंतली होती.

"काका, हे बघा की. सूत कुठलं अन्‌ गंगम्मा कुठली, सांगा मला."

"उचलून फेकून दे की रे!"

"मी फेकतो हो! पण ती?" त्यानं नरसम्माकडं बोट केलं. "ती म्हणते वाण हाय, फेकलं तर माझं कुंकू जातंय. म्हंजे मी जातोय! आता मी काय करू?"

घराघरात हेच. फेकायचं कुणी? वाण, त्यात काशीहून आलेलं, त्यात संक्रांतीचं. शेवटी गल्लीनं भटजींना गाठलं. भटजींनी पंचांग उघडलं, मिटलं, तपकीर ओढली आणि निर्णय दिला. "गंगेचं आहे ना? मग पाण्यातच जायला हवं. विसर्जन करा. सिद्धरामेश्वराच्या तळ्यात."

वा! एवढी सोपी गोष्ट कुणाला सुचली नव्हती. गल्ली आनंदून गेली. दुसऱ्या दिवशी विहिरी, हौद, टाक्या उपसून सगळी गंगामाई बैलगाड्यांत भरली. किती गाड्या झाल्या म्हणता? पहिली तळ्याशी पोचली तेव्हा शेवटच्या गाडीला अजून बैल जुंपायचे होते. हलगी आली, लेझीम आली, गुलाल आला. पुढं काकू पूजेचं ताट घेऊन, आणि सगळ्यांच्या पुढं, कोट घालून, हिरवं निशाण हातात घेऊन आमचे घरमालक.

मी त्यांच्या शेजारून चालत होतो. ते चालत नव्हते, तरंगत होते.

"मास्तर, सारं तळं! ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जांभळं! लोक गाडीनं येतील बघायला, मास्तर. सोलापूर म्हटलं की धूळ म्हणतात. आता म्हणा!"

ज्या माणसानं पंचवीस वर्षं एक गुलाब जगवता येत नाही म्हणून हळहळत काढली, त्याच्या समोर ते पाणी पसरलं होतं. उन्हात चकाकत होतं. घाटावर बायका घागरी भरत होत्या, एका कडेला म्हशी डुंबत होत्या. पहिली गाडी पायऱ्यांशी लागली. भटजी मंत्र आठवत होते. राजय्या गाडीच्या चाकाला टेकून विडी ओढत होता. तो सहज म्हणाला,

"काका, लगीन लागतंय पोरींचं. नवरा लई मोठा बघितला तुमी."

काका हसले. आणि मग सवयीनं, निव्वळ सवयीनं, त्यांनी चष्म्यावरून तळ्याकडं बघितलं. मला त्यांचे ओठ हलताना दिसले. ऊन? भरपूर. शेळी? हिला शेळी तोंड लावत नाही. जागा? बघतच राहा. मग ते थांबले. घागरी भरणाऱ्या बायकांकडं बघितलं, म्हशींकडं बघितलं, मागं उभ्या असलेल्या गाड्यांकडं बघितलं.

"मास्तर," ते म्हणाले, "इथं हिला सासू कोण?"

"काय?"

"एवढ्या मोठ्या घरात हिला आवरणार कोण? एक विहीर हिनं दोन महिन्यांत गिळली."

भटजी म्हणाले, "चला, हातभार लावा, मुहूर्त टळतोय." पोरांनी पहिल्या गाडीच्या मागच्या फळीला हात घातला. काकांनी हातातलं हिरवं निशाण गुंडाळलं, कोटाच्या आत हात घातला, लाल निशाण काढलं आणि तळ्याच्या पहिल्या पायरीवर ते पसरून उभे राहिले. मग शिट्टी. जेऊरच्या माळावर मेलगाडी थांबवायची ती शिट्टी.

हलगी थांबली. बैल थांबले. राजय्याची बांडी शेळी मिरवणुकीबरोबर आली होती, ती तर जागच्या जागी खिळली.

"काय चाललंय हे, काका?"

"गाडी पुढं जाणार नाही," काका म्हणाले. "पोरी मी इथं देत नाही."

मग जो गोंधळ झाला तो मी लिहीत नाही. कागद फाटेल. भटजी म्हणाले, गंगेला अडवणारा सात जन्म कोरडा राहतो. कुणी म्हणालं, टेशनकाकाच्या डोक्यात ऊन गेलं. नरसम्मा छाती पिटत होती. पण काकांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. ते एकाच माणसाकडं बघत होते. काकू ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांचं वाण, अख्ख्या गल्लीत लुटलेलं, आणि नवराच चारचौघांत म्हणतोय की ते पाण्यात सोडायच्या लायकीचं नाही. काकांनी निशाण खाली घेतलं नाही. ते एवढंच म्हणाले, "अगं, सासू नाही इथं."

काकूंनी ताट खाली ठेवलं. नवऱ्याकडं एक नजर टाकली, आणि ती काय नजर होती ते त्या दोघांनाच ठाऊक. मग त्या बायकांकडं वळल्या, आणि त्यांनी पदर पसरला.

"बायांनो, कुठला महिना लागलाय?"

"चैत्र की," नरसम्मा म्हणाली.

"चैत्रात गौर कुठं जाते?"

चैत्रात गौर माहेरी येते, हे कुणाला सांगायला नको होतं.

"माझ्या पोरी संक्रांतीपासून तुमच्या घरी नांदल्या. आता त्यांना माहेरपणाला न्यायला आलेय मी. आईला नाही म्हणाल?"

ह्यावर पंचांग काही उघडलं नाही. भटजींनी तपकिरीची डबी उघडली आणि रिकामी म्हणून मिटली. नरसम्मा गाडीशी गेली, एक रोप उचललं, त्याला हळदकुंकू लावलं आणि काकूंच्या पदरात घातलं. "घेऊन जा अम्मा, चार दिवस लाड करा पोरीचे." मग एकेक बाई पुढं आली. हलगीवाल्यानं थोडा विचार केला आणि पुन्हा वाजवायला सुरुवात केली. गाड्या वळल्या.

काकांच्या घराचं धाबं, म्हणजे वरची मातीची गच्ची, भलं मोठं होतं. पोरी तिथं उतरवल्या. चैत्रातलं सोलापूरचं ऊन तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगून उपयोग नाही, ठाऊक असेल तर सांगायला नको. तिसऱ्या दिवशी धाब्यावर पापडाचा आवाज यायला लागला. काकू खाली चैत्रगौरीला कैरीची डाळ आणि पन्हं करत होत्या, आणि काका वर, छत्री घेऊन, वाळत चाललेल्या पोरींच्या मध्ये बसले होते. छत्री त्यांनी स्वतःवर धरली नव्हती. एका कोपऱ्यातल्या पोरींवर धरली होती. थोड्या वेळानं त्यांनी ती मिटली.

तळ्यावरच्या बायकांनी दुसऱ्या दिवशीही घागरी भरल्या आणि म्हशी डुंबल्या. काय टळलं हे त्यांना कळायचं कारणच नव्हतं. विहीर पुढच्या पावसात सुधारली. सुधारले नाहीत ते काका. "भर मिरवणुकीत गंगा परतवणारा" हीच त्यांची ओळख झाली, आणि त्यांच्या ओट्यावर मुलगी मागायला पुन्हा कुणी बसलं नाही. पुढच्या संक्रांतीला काकूंनी फण्या लुटल्या. नरसम्मानं फणी उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, "अम्मा, हिला मुळं न्हाय ना फुटत?"

फक्त एक रोप काकांनी ठेवलं होतं. तांब्याच्या घंगाळात, न्हाणीच्या कट्ट्यावर. त्याला आवरायला काकू होत्या. दर शुक्रवारी त्या विळी घेऊन बसत आणि नवी फूट काढून चुलीत टाकत.

माझी बदली झाली तेव्हा मला वाटलं, रीतीप्रमाणे काका काहीतरी देणारच. जाणाऱ्या प्रत्येक भाडेकऱ्याला ते ओल्या फडक्यात एक तरी काडी देत. स्टेशनवर आले, कोट घालून. फडकं नव्हतं. शेजारून गाडीचा गार्ड हिरवं निशाण उलगडत गेला, तर त्याच्याकडंही त्यांनी बघितलं नाही.

मीच चिडवलं, "काका, आमच्या पदरात मुलगी नाही टाकत? क्रोटनांसाठी मी तापात आंघोळ केलीय!"

"मागा. काय हवं ते मागा. कर्दळ घ्या, क्रोटन घ्या."

"ती घंगाळातली द्या की."

इंजिनानं वाफ सोडली.

"तुमचं गाव कृष्णाकाठचं ना, मास्तर?"

"हो."

"मग नाही," ते म्हणाले. "ती पोर नदीकाठी द्यायची नाही."

गाडी हलली. मोहोळ येईपर्यंत मी एकटाच हसत होतो. डब्यातल्या लोकांना वाटलं असेल, ह्यालाही ऊन लागलं.

आता म्हातारपणी मी रोज संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर बसतो. परवा पलीकडच्या काठाला एक जांभळी पट्टी दिसली. छान दिसत होती, मोराच्या पिसासारखी. काठावरची पोरं काठीनं फुलं ओढून घेत होती. आमचे घरमालक जाऊन आता किती काळ लोटला. ही पोर नदीकाठी कुठल्या बापानं दिली, ते मला ठाऊक नाही. कुणाच्या बागेतून आली असेल, कुणाच्या हौदातून आली असेल. एवढं मात्र नक्की, त्या बापानं सासूची चौकशी केलेली नाही.